घराचं वेबिल बाबांकडे माग

पत्र (थोडं कापलंय):

"काकू, मी डोंबिवलीला असते, आयटीत आहे, वय ३४. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. तिथलं मातीचं घर दोन वर्षांपूर्वी पावसात एका बाजूने बसलं म्हणून शेजारच्याच जागेत नवीन बांधतोय. ११०० स्क्वेअर फूट, जांभ्याचं, वर स्लॅब. लोन माझ्या आणि बाबांच्या जॉइंट नावावर, हप्ता मी भरते. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता ६४ वर्षांचे आहेत, साइटवर तेच असतात. कॉन्ट्रॅक्टर बाबांच्या बालमित्राचा मुलगा. जोतं झालं, भिंती लिंटेलला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीला आल्यात. मी रोज फोटो मागते तर बाबा एकाच कोपऱ्याचे अकरा फोटो पाठवतात, त्यातल्या निम्म्यात त्यांचं बोट. गेल्या महिन्यात मी म्हटलं साइटवर सोलरवाला कॅमेरा लावूया, मला इथून लाइव्ह बघता येईल, तर बाबा म्हणाले, 'चोर मी की तो, ते आधी ठरव.' तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत चाललंय. एप्रिलअखेर स्लॅब आहे म्हणतात आणि यंदा गणपती नव्या घरात असं बाबांनी अख्ख्या वाडीला सांगून ठेवलंय. मला फक्त काम कुठवर आलंय आणि नीट होतंय का एवढंच कळायला हवंय. मी चुकतेय का?"

बाई गं, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं बोलते. काम नीट होतंय का हे तुला कळायलाच हवं, हप्ता तू भरतेस आणि अजून कितीतरी वर्षं भरणारेस, आणि मुलीने बापाला हिशोब विचारू नये असं वाडीत कुणी म्हणत असेल तर त्याला म्हणावं ये बाबा पुढचा हप्ता तू भर. पण रोजच्या फोटोतून ते कळत नाही आणि कॅमेऱ्यातून तर अजिबातच कळणार नाही, हे मी स्वतःच्या घरात फुकट गेलेल्या पैशांच्या जोरावर सांगतेय.

कॅमेऱ्यात काय दिसतं माहितीय का, माणसं दिसतात. चार जण चिऱ्यांच्या ढिगावर बसून तंबाखू मळतायत असं तुला डोंबिवलीत मीटिंगमध्ये बसून दिसणार, तू टेबलाखालून बाबांना मेसेज टाकणार "ते बसलेत का", आणि ते बसलेत कारण लाइट गेलीय आणि मोटर बंद म्हणून पाणी नाही आणि पाणी नाही म्हणून माल नाही. बाबा ते तुला टाइप करून सांगणार नाहीत, आईला सांगतील "सांग तुझ्या साहेबिणीला". सळई किती एमएमची आहे, सळयांभोवतीच्या रिंगा किती अंतरावर बांधल्यात, माल किती पातळ केलाय, यातलं काहीएक त्या कॅमेऱ्यात दिसत नाही. आणि रेंजचं तर बोलायलाच नको, आमच्याकडे अजून गच्चीच्या एका कोपऱ्यात उभं राहून व्हिडिओ कॉल करावा लागतो.

आमचं घर देवरुखजवळ, बारा वर्षं झाली बांधून. मी तेव्हा ठाण्याला नोकरीत आणि साइटवर माझे दीर. स्लॅबच्या दिवशी ऑफिसात ऑडिट होतं म्हणून मी गेले नाही, दिरांनी फोटो पाठवला, बायाबापड्या ओळीने उभ्या राहून घमेली वर देतायत, मागे नारळीची झाडं, इतका सुंदर फोटो की मी तो चार जणींना दाखवला. दोन आठवड्यांनी प्लेटा, म्हणजे स्लॅबखालचा साचा, निघाल्या तेव्हा कळलं की हॉलच्या स्लॅबमध्ये पंख्याचा बॉक्सच टाकलेला नाही. इलेक्ट्रिशियनने बेडरूमचे बॉक्स आणि पाइप टाकले, हॉलचे संध्याकाळी टाकतो म्हणून गेला, संध्याकाळी आलाच नाही, आणि सकाळी सहाला मिक्सर सुरू झाल्यावर बॉक्स मोजायला कुणाला वेळ असतो. आता आमचा पंखा नंतर ड्रिल मारून बसवलेल्या फास्टनरवर लटकतो आणि त्याची वायर पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीतून छतावरून भिंतीपर्यंत गेलीय, सोफ्यावर आडवं झालं की बारा वर्षं मी ती पट्टी बघते. गंमत म्हणजे नंतर तो सुंदर फोटो मोठा करून बघितला तर त्यात दिसत होतं की हॉलवर बॉक्स नाही! पण आपण फोटोत जे आहे ते बघतो गं, जे राहून गेलंय ते शोधायला आधी काय असायला पाहिजे ते माहीत लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रोज बघायचा हट्ट सोड आणि जे झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी बघ. भिंत वाकडी असेल तर ती पुढच्या वर्षीही दिसेल, ओळंबा लावून कुणीही दाखवेल. पण स्लॅबच्या पोटातली सळई, प्लास्टरमागचे पाइप, बाथरूमच्या लादीखालचं वॉटरप्रूफिंग, हे एकदा झाकलं की झाकलं. तू दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडून संगमेश्वरला उतरू शकतेस, दुबईत नाहीयेस. ऑक्टोबरपर्यंत पाच-सहा सुट्ट्या टाक, पण नेमक्या दिवशी टाक. पाया तर गेला, त्याच्यावर आता डोकं खपवू नकोस, बाबांनी त्या वेळी काढलेले फोटो असतील तर ते बोटासकट एका फोल्डरमध्ये टाकून ठेव आणि पुढे चल.

सगळ्यात महत्त्वाची सुट्टी स्लॅबच्या आदल्या दिवशीची. लोक स्लॅबच्या दिवशी येतात, नारळ फोडतात, फोटो काढतात, पण तेव्हा उशीर झालेला असतो, तेव्हा कुणी सळई सोडून परत बांधत नाही. आदल्या दिवशी दुपारी आर्किटेक्टने दिलेला आरसीसीचा नकाशा हातात घेऊन वर चढ आणि सोबत तो स्वतः किंवा त्याचा इंजिनिअर पाहिजे, त्याची व्हिजिटची जी काय फी असेल ती दे, त्या फीमध्ये घासाघीस करू नकोस. तू काय बघायचं तर नकाशात जी सळई जितक्या इंचांवर लिहिलीय तितक्या अंतरावर आहे का ते टेप टाकून बघ. सळई थेट प्लेटेवर टेकलेली नको, खाली कव्हर ब्लॉक पाहिजेत, सिमेंटचे मिळतात, पण बऱ्याच साइटवर खडीचा तुकडा सरकवून काम भागवतात आणि कुणी पाय दिला की तो तुकडा निसटतो. सळईखाली काँक्रीट कमी राहिलं तर आपल्याकडच्या दमट खारट हवेत सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे खाली पडायला लागतात. वरची आणि खालची सळई यांच्यामध्ये सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या असतात, त्या पुरेशा आहेत का बघ, नाहीतर दुसऱ्या दिवशी तीस माणसं वरून नाचली की वरची सळई खाली बसते आणि मग ती असून नसल्यासारखी.

अजून एक, रिंगांची टोकं. बीम आणि कॉलमच्या रिंगेचं टोक काटकोनात वाकवून सोडून द्यायची सवय असते कारण हात कमी दुखतो, ते टोक १३५ अंशात, म्हणजे आतल्या काँक्रीटमध्ये शिरेल असं वळवलेलं पाहिजे. भूकंपात जे टोक नुसतं काटकोनात आहे ते उघडतं. कोयना आपल्या डोंगरापलीकडेच आहे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा धक्का तुझ्या बाबांना विचार, तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे असतील, त्या वयाच्या माणसांना घरातून बाहेर कसं काढलं ते आठवतं. कॉलमच्या रिंगा आता झाकल्या गेल्यात पण बीमच्या हातात आहेत.

आणि जाता जाता पंख्याचे बॉक्स मोज. प्रत्येक खोलीचा. हॉल लांबट असेल तर दोन.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट चालू असताना तू मध्ये मध्ये करू नकोस, तिथे एकच माणूस बोलणारा हवा आणि तो बाबा. पण एका गोष्टीवर लक्ष ठेवायला त्यांना सांग, पाणी. नकाशावर एम-२० (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) लिहिलं असेल आणि साइटवरच कालवायचं असेल तर साधं प्रमाण एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी, आणि ५० किलोच्या एका गोणीला पाणी साधारण २५ ते २७ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल घमेल्यातून सरकन ओतता येतो म्हणून मजूर "अजून एक डबा" म्हणतात, आणि त्या जादा डब्यात स्लॅबची ताकद जाते. माल जरा घट्ट राहिला तर कंटाळा न करता व्हायब्रेटर फिरवायचा, तो चालू आहे ना हे आदल्या संध्याकाळीच बघायचं आणि बंद पडला तर दुसरा कुठून येणार ते पण विचारून ठेवायचं. एप्रिलअखेर म्हणजे वळवाचा पाऊस कधीही टपकेल, मोठी ताडपत्री वर नेऊन ठेवलेली बरी.

आता वाळूबद्दल, आणि हे स्लॅबच्या आधी विचार. खाडीची वाळू आलीय का? आपल्याकडे ती स्वस्तात मिळते आणि गुपचूप रात्री येऊन पडते. तिच्यातलं मीठ सळई खातं, काँक्रीट वरून छान दिसतं आणि आठ-दहा वर्षांनी बीमला सळईच्या रेषेत भेग पडते. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घ्या, जरा महाग पडेल पण घ्या. वाळू आणि खडी ब्रासवर येते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, गाडी खाली व्हायच्या आधी बाबांनी हौद्यात टेप टाकायचा. समज हौदा ११ फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल ३ फूट भरलाय, तर झाले १९८ घनफूट, म्हणजे दोन ब्रासला किंचित कमी. ड्रायव्हर "तीन ब्रास काका" म्हणाला तर लगेच कळतं. सळईचं पण असंच, जाडीचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ एमएमची बारा मीटरची आख्खी सळई साधारण १०.६ किलोच्या आसपास भरते. गोणीवर सिमेंट कुठल्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर टेस्ट केल्याशिवाय स्लॅबला नकोच.

हे सगळं वाचून तुला वाटेल बाबांना हे झेपणार नाही, आणि इथेच तू त्यांना ओळखायला कमी पडतेयस असं मला वाटतं. अगं तो माणूस कंडक्टर होता! उभ्या गर्दीत एका हाताने दांडी धरून पंच मारायचा, सुट्टे परत करायचे, डेपोत आल्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायचं आणि ट्रेमधली तिकिटं नि पिशवीतले पैसे जुळवून द्यायचे, आणि चार रुपये कमी भरले तर स्वतःच्या खिशातून. अशी नोकरी ज्याने रिटायर होईपर्यंत केली त्याला तू म्हणतेस फोटो काढता येत नाही. नाही येत. फोटो त्यांचं काम नाहीये. मी पैज लावते की घरात कुठल्यातरी जुन्या डायरीत त्यांनी गाड्या, गोण्या, मजुरी सगळं लिहिलेलं आहे, आईला विचार हळूच.

तर त्यांच्याकडे फोटो मागू नकोस, वेबिल माग. ह्याच शब्दात माग. "बाबा, आठवड्याचं वेबिल द्या ना मला दर रविवारी." आणि त्यात काय तर किती गवंडी किती बिगारी आले, सिमेंट किती आलं किती लागलं किती शिल्लक, वाळू-खडी किती ब्रास, कॉन्ट्रॅक्टरला किती दिले, पुढच्या आठवड्यात काय. हे सगळं फोनवर पाच मिनिटांत होतं. डायरीच्या पानाचा एक फोटो पाठवला तरी झालं, त्यात बोट आलं तरी चालेल.

आणि स्लॅबच्या दिवशीसाठी एक खास काम त्यांना दे, रिकाम्या गोण्या मोजायचं. ११०० स्क्वेअर फुटाचा पाच इंची स्लॅब म्हणजे तेरा घनमीटरच्या आसपास काँक्रीट, एम-२० ला घनमीटरमागे साधारण आठ गोण्या, म्हणजे नुसत्या स्लॅबला शंभर-एकशेपाच गोण्या, बीमच्या त्याच्यावर वेगळ्या. बरोबर आकडा इंजिनिअरकडून आदल्या दिवशी लिहून घ्या. रिकाम्या गोण्या मजूर घरी नेतात, नेऊ देत, पण संध्याकाळी मोजून झाल्यावर. दहा-वीस गोण्या कमी लागल्या आणि कॉन्ट्रॅक्टर "वाचवल्या काका" म्हणाला तर ती वाचवणूक कुठून झाली ते तुझे बाबा बरोबर विचारतील, जुळत नसलेला ट्रे त्यांनी आयुष्यात कधी सोडला असेल असं मला वाटत नाही.

बालमित्राचा मुलगा आहे म्हणून बाबांना तोंडावर बोलता येत नसेल, ती गोष्ट खरी आहे आणि तू ती समजून घे. गावात उद्या त्याच्या घरी लग्नाला जायचंय. अशा वेळी "मुलगी विचारतेय" किंवा "बँकवाले मागतायत" हे सोयीचं पडतं, तू वाईट हो, तुझं काय जातंय, तू डोंबिवलीत. बाबा त्याला म्हणू देत, "काय करू बाबा, पोरगी ऐकत नाही." असं झालं की कॅमेऱ्याचं भांडण पण आपोआप उलटं फिरतं, तुम्ही दोघं एका बाजूला येता.

बँकेवरून आठवलं. तुझं लोन टप्प्याटप्प्याने सुटत असेल आणि प्रत्येक टप्प्याला बँकेचा माणूस येऊन बघून जात असेल. तो आला म्हणजे काम पास झालं असं समजू नकोस हां, तो फक्त काम कुठवर आलंय आणि पैसे सोडण्याइतकं आलंय का ते बघतो, सळई मोजायला तो येत नाही. पैसे त्या टप्प्यांवरच द्या, लिंटेल झालं, स्लॅब झाला, आतलं प्लास्टर झालं, लादी झाली, आणि झालेल्या कामापेक्षा पुढे एक रुपया नको. "सेंट्रिंगवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय" ह्या वाक्याला फार बळी पडतात लोक. शेवटचे पाच ते दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे हे आत्ताच, हसतखेळत असतानाच, कागदावर लिहून घ्या.

स्लॅब झाला की खरी कसोटी पाण्याची. आजकाल मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याला किमान दहा दिवस आणि कडक उन्हात चौदा दिवस सतत ओलं ठेवावं लागतं, आणि तुमचा स्लॅब नेमका मे महिन्यात सुकणार जेव्हा वाडीतली विहीर तळाला गेलेली असते. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडलं की झालं असं नाही, मध्ये दुपारी बारा ते चार जे तापतं तेच वाईट. स्लॅबवर मातीचे किंवा मालाचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी कोंडून ठेवतात, ते करून घ्या, बीमच्या बाजूंना गोणपाट गुंडाळा. टँकर लागला तर टँकर, ते पैसे तू वेगळे काढून ठेव आणि बाबांना आधीच पाठव, म्हणजे "पोरीकडे परत कुठे मागू" असं त्यांना होणार नाही. प्लेटा भाड्याच्या असतात म्हणून कॉन्ट्रॅक्टरला लवकर काढायची घाई असते. आमच्याकडे स्लॅबच्या १४ आणि बीमच्या २१ दिवसांनी काढल्या, तुझ्या इंजिनिअरकडून आकडा लिहून घे आणि तो बाबांच्या डायरीत पहिल्या पानावर चिकटव.

आता तुला एक आधीच सांगून ठेवते नाहीतर जुलैत तू मला परत पत्र लिहिशील. भिंती चढतात तेव्हा घर रोज वाढताना दिसतं, आज एक थर उद्या दोन थर, बघायला मजा येते. स्लॅब पडला की सगळं थांबल्यासारखं वाटतं. आत स्लॅबला टेकू दिलेल्या बल्ल्यांचं जंगल उभं असतं, खाली वाकून चालावं लागतं, तीन आठवडे काही करता येत नाही. मग पाइप, वायरी, खाचा, चौकटींचे खिळे, आणि लांबून बघणाऱ्याला घर तसंच. बाहेरचे लोक विचारतात "काम बंद आहे का" आणि घरातल्यांची भांडणं ह्याच दिवसात होतात. प्रत्यक्षात तेव्हाच निम्म्याच्या आसपास पैसे आणि वेळ जायचा असतो. तेव्हा त्या दिवसात "काय झालं" असं विचारू नकोस, वेबिल येतंय ना ते बघ.

प्लास्टरच्या आदल्या दिवशीची सुट्टी मात्र घेच. चिऱ्यात खाचा मारून पाइप आणि वायरी बसवलेल्या असतील, प्रत्येक भिंतीसमोर उभी राहून फोटो काढ आणि फोटोत टेप दिसला पाहिजे, कोपऱ्यापासून किती आणि जमिनीपासून किती. हे फोटो तू काढ, बाबा नकोत, हे तुझं काम. दहा वर्षांनी गिझर बदलायला कुणी ड्रिल घेऊन आलं की हे फोटो सोन्याच्या भावाचे होतात. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की लादी लावायच्या आधी दोन दिवस पाणी कोंडून बघायचं आणि खाली आणि बाहेरच्या भिंतीला ओल येते का बघायचं. आणि जूनमधला पहिला मोठा पाऊस, जमलं तर तेव्हा जाच, आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, एका रात्रीत घर सगळं सांगून टाकतं, स्लॅबवर कुठे पाणी साठतं, कुठल्या खिडकीतून आत येतं, खडूने खुणा करून ठेवायच्या.

गणपतीचं काय करायचं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे त्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला, गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होती, म्हणजे तुम्हाला अठरा दिवस बोनस मिळालेत. स्लॅब खरंच एप्रिलअखेर झाला तर एक हॉल, एक बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा, दारं आणि आतलं प्लास्टर एवढं होऊ शकतं, धावपळ होईल पण होतं. बाहेरचं प्लास्टर आणि रंग ह्यांचं नाव पावसात काढायचं नाही, ओल्या भिंतीला रंग दिला की दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात, ते काम दिवाळीनंतर. पण बाबांनी वाडीला शब्द दिलाय ना, मग तू त्यांना "होणार नाही" म्हणू नकोस, विचार की "बाबा, गणपती हॉलमध्ये कुठल्या भिंतीला बसवायचा, तिथली लादी आधी लावून घेऊ." म्हणजे गणपती पण येतात आणि बाकीच्या खोल्या घाईत उरकल्या जात नाहीत. वास्तुशांतीचं भटजींना विचारून नंतर ठरवता येतं, त्याची घाई नाही. आणि स्लॅबच मेअखेरीला गेला तर मात्र यंदाचे गणपती जिथे गेल्या वर्षी बसले तिथेच बसतील, हे आई बाबांना सांगेल, तू नको.

कॅमेऱ्याबद्दल सॉरी म्हण. लांबलचक नको, तुमच्या दोघांचा स्वभाव तसा दिसत नाही. पुढच्या शनिवारी जा, जाताना तीस फुटी चांगला स्टीलचा टेप घेऊन जा आणि त्यांच्या हातात दे, "गाड्यांचे हौदे मोजायला" म्हणून. बघ काय म्हणतात.

आणि स्लॅबच्या दिवशी सगळ्या माणसांना जेवण घालायची पद्धत आहे, ती चुकवू नका. तीस-पस्तीस पानं तरी होतील, तांदूळ आणि मसाला तू डोंबिवलीहून आणू नकोस, आईला राग येईल. मटण की चिकन हे बाबांना ठरवू दे.

– काकू